लावली झाडे, पुढच्या उन्हाळ्यात पाणी कोणाचे? : सामूहिक फळबागेविषयी वाचकांचे प्रश्न

सोसायटीची मोकळी जागा, शाळेमागचे मैदान, गावठाणाची कड, महापालिकेने सांभाळायला दिलेला भूखंड... अशा ठिकाणी दहा-वीस जण मिळून फळझाडे लावतात, आणि यंदा सगळ्यात जास्त पत्रे त्यांचीच आली. बहुतेकांनी लागवडीबद्दल विचारले आहे. झाड मरते ते मात्र लागवडीच्या दिवशी नाही, त्यापुढच्या तीन उन्हाळ्यांत. म्हणून उत्तरांत पाण्याचा आणि माणसांचा हिशोब पुन्हा पुन्हा येईल.

आमच्या वस्तीशेजारच्या २० गुंठ्यांत फळबाग करायची आहे. एका देणगीदाराने १०० रोपे देऊ केली आहेत. नियमित येणारे आम्ही १४ जण. ५ जूनला सगळ्यांनी मिळून लावायची असा बेत आहे. कोणती झाडे लावावीत, किती अंतरावर? (पुणे)

आधी पाणी मोजा, मग झाडे. मध्यम जमिनीत पहिल्या उन्हाळ्यात एका कलमाला एका वेळी १५ लिटर, आठवड्यातून दोनदा पाणी लागते. फेब्रुवारी ते जूनचा पहिला आठवडा म्हणजे सुमारे १८ आठवडे. १०० झाडांना आठवड्याला ३,००० लिटर, हंगामात ५४,००० लिटर. ५,००० लिटरचे ११ टँकर. ४० झाडे असतील तर हेच पाणी २१,६०० लिटरवर येते. दुसऱ्या उन्हाळ्यात प्रत्येक झाडाची गरज जवळपास दुप्पट होते. १४ माणसांना ४० झाडे झेपतील. देणगीदाराला १०० रोपांऐवजी ४० कलमे आणि ठिबकचा संच मागा. तीच देणगी जास्त कामी येईल. वाटायला आणलेली रोपे बहुतेक बियांची असतात. कोयीचा आंबा फळावर यायला सात-आठ वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात आणि फळ कसे निघेल याचा भरवसा नसतो. कलमे कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्या.

२० गुंठ्यांत (सुमारे २,००० चौरस मीटर) असा मेळ बसतो: जांभूळ ३, फणस १, चिकू २, या सहांना १० बाय १० मीटर; आंबा ८, पेरू ८ आणि लिंबू ६ यांना ६ बाय ६; सीताफळ ८, ५ बाय ५; आवळा ३, ७ बाय ७. एकूण ३९ झाडे, आणि पायवाटेला जागा उरते. आंबा ६ मीटरवर लावायचा तर दरवर्षी छाटून बुटका ठेवावा लागेल, नाहीतर त्यालाही १० मीटर द्या. जांभूळ, फणस, चिकू ही मोठी होणारी झाडे उत्तरेच्या कडेला लावा, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली पेरू-लिंबावर पडणार नाही. कुंपणाला करवंद लावा, तीन-तीन फुटांवर. शेळ्या आत येत नाहीत आणि पहिले वर्ष गेले की त्याला पाणी फारसे द्यावे लागत नाही.

आंब्यात हापूसचा आग्रह नको. किनाऱ्यापासून दूर तो वर्षाआड फळतो, आणि फळात साका (गरात पांढरट, स्पंजासारखा भाग) निघण्याचा त्रासही असतो. पुण्याच्या हवेला केसर चांगला. पेरूत सरदार घ्या. लखनौ ४९ असेही नाव असले तरी हा वाण मूळचा पुण्याच्याच गणेशखिंड केंद्रात निवडलेला आहे. डाळिंब सामूहिक बागेत लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे: तेल्या रोग आणि फळ पोखरणारी अळी यांसाठी सतत फवारण्या कराव्या लागतात आणि मुले खेळतात तिथे ते योग्य नाही.

आता तारीख. पुण्यात मान्सून सरासरी १० जूनच्या आसपास पोचतो. ५ जूनला कलम लावले आणि पाऊस आठ-दहा दिवस लांबला, तर कोवळी मुळे तापलेल्या खड्ड्यात होरपळतात. ५ जूनला सगळ्यांना जरूर बोलवा, पण खड्डे भरायला. कलमे दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाल्यावर लावा.

खड्डे मात्र मेच्या आतच खोदा, म्हणजे उन्हाने माती तापून त्यातल्या किडी-बुरशी कमी होतात. आंबा, चिकू, जांभूळ, फणस यांना १ मीटर लांब-रुंद-खोल, बाकीच्यांना ६० सेंटिमीटर. वरच्या अर्ध्या थराची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. भरताना तळाशी वीतभर पालापाचोळा, त्यावर वरच्या थराची माती, २० ते २५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो निंबोळी पेंड यांचे मिश्रण. लहान खड्ड्याला सगळे निम्मे. माती नंतर खाली बसते, म्हणून खड्डा जमिनीच्या वर चार-सहा बोटे फुगीर भरा.

गेल्या जुलैत ३० कलमे लावली. पाऊस भरपूर असूनही दोन महिन्यांत ११ वाळली. रोपवाटिकेने फसवले का? (नाशिक)

तसे ठरवण्याआधी वाळलेली दोन-तीन कलमे मुळासकट उकरून पाहा. कारण तिथेच दिसेल.

मुळे पिशवीच्या आकारातच गोल गुंडाळलेली आहेत आणि बाहेर एकही पांढरे मूळ नाही, असे दिसले तर कलम पिशवीत फार दिवस राहिलेले होते. लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरून काढायची, मातीची हुंडी फुटू द्यायची नाही, पण तळाशी वेटोळे घातलेली मुळे सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापून टाकायची. ती तशीच राहिली तर झाड तीन-चार वर्षांनीसुद्धा वाऱ्याने उपटते. काही ठिकाणी पिशवीसकट लावलेली कलमेही निघतात. एवढ्या माणसांत कोणाचे तरी लक्ष राहत नाही. म्हणून काढलेल्या पिशव्या शेवटी मोजाव्यात. ३० कलमे, ३० पिशव्या.

मुळे काळी, मऊ, वास येणारी असतील तर खड्ड्यात पाणी साचले. काळ्या जमिनीत मुरमाड मातीने भरलेला खड्डा हौदासारखा काम करतो. लागवडीआधी एक रिकामा खड्डा पाण्याने भरून पाहावा. २४ तासांत पाणी जिरले नाही तर त्या जागी फूटभर उंच मातीचा ओटा करून त्यावर कलम लावावे.

बुंध्याची साल जमिनीलगत कुरतडलेली आणि मुळांजवळ पांढऱ्या, वाकड्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या अळ्या सापडल्या तर ती हुमणी. ती बहुतेक वेळा कच्च्या शेणातून येते. कुजलेले खत भुसभुशीत, काळसर असते, त्याला शेणाचा वास येत नाही आणि हात घातला तर गरम लागत नाही.

आणि सगळ्यात नेहमीची चूक: कलमाचा जोड मातीत गाडला जाणे. जोड जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर दिसला पाहिजे. हुंडीचा माथा जमिनीच्या बरोबरीने ठेवा, माती हाताने दाबा (पायाने तुडवू नका) आणि लगेच पाणी द्या. आधाराची काठी कलम ठेवण्याआधीच रोवावी, नाहीतर ती हुंडीतून आरपार जाते. काठी वारा येतो त्या बाजूला, म्हणजे पावसाळ्यात पश्चिमेला रोवावी. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधावी. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी जोड पक्का झाला की चिरून काढा. ती विसरली तर बुंधा जाड होताना गळफास बसतो.

रिकाम्या ११ जागी या पावसाळ्यात पुन्हा लावताना कोवळी, तांबूस पालवी असलेले कलम घेऊ नका. पाने पक्व, हिरवीगार आणि कलम दोन-अडीच फुटांचे असावे.

आमच्या बागेतला चिकू जोमाने वाढतो आहे, पण पाने बदलल्यासारखी वाटतात. लहान, जाड, टोकाशी खाच असलेली. हा वाणाचा दोष आहे का? (जळगाव)

तुमच्याकडे आता चिकू कमी आणि खिरणी जास्त आहे. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या रोपावर बांधतात. जोडाखालून खुंटाला फुटवा आला आणि तो कोणी काढला नाही, तर खिरणी जोर धरते आणि वरचा चिकू मागे पडतो. जोड शोधा. त्याच्यावर चिकूची एखादी जिवंत फांदी असेल तर जोडाखालचे सगळे फुटवे बुंध्यालगत, खुंटी न ठेवता कापा आणि पुढे दर पंधरवड्याला पाहत राहा. चिकूचा भाग मेला असेल तर नवे कलम लावणे बरे. हीच नजर आंबा, लिंबू, बोर अशा प्रत्येक कलमावर पहिली दोन वर्षे हवी. पाणी घालायला येणाऱ्या प्रत्येकाला जोड कुठे असतो ते एकदा बोट लावून दाखवा.

संकुल बांधताना टाकलेल्या भरावावर आम्ही झाडे लावली. पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत वाढवले, फरक नाही. वाहनतळाच्या छतावरच्या मातीतही आंबा लावायचा विचार आहे. (पिंपरी-चिंचवड)

राडारोड्यातला चुना आणि सिमेंट मातीत उतरते, माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. शिरा हिरव्या राहून नवी, शेंड्याची पाने पिवळी पडणे ही त्याचीच खूण. (जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे.) चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना नक्की.

तात्पुरता उपाय फवारणीचा: १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे वाण्याकडे मिळणारे लिंबूफूल. संध्याकाळी, नव्या पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. पण हे मलम झाले. खरे काम टिकाव-पहारीचे आहे. नवी लागवड करताना १ मीटर खोल खोदून विटा, काँक्रीट, फरशीचे तुकडे पूर्ण बाहेर काढा आणि बाहेरची चांगली माती भरा. एका मोठ्या खड्ड्याला १ घनमीटर माती लागते. त्या खर्चावरूनच झाडांची संख्या ठरेल. जुन्या झाडांच्या आळ्यात दरवर्षी दोन घमेली कुजलेले खत आणि कायम पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवले तर हळूहळू फरक दिसतो. चुना सहन करण्यात आवळा, बोर आणि सीताफळ बरेच काटक आहेत, लिंबू सगळ्यात नाजूक.

छतावर आंबा नको. दोन-अडीच फूट मातीत त्याची मुळे बसत नाहीत, पाणी धरणाऱ्या मातीचे वजन पेलायला छत तयार असेलच असे नाही, आणि मुळे जलरोधक थरात शिरतात. तिथे मोठ्या पिंपात लिंबू, अंजीर किंवा तुती लावा. पिंपाच्या तळाशी अर्धा इंचाची सहा-सात भोके पाडा, ते विटांवर उचलून ठेवा आणि आधी संरचना अभियंत्याला वजन विचारा.

पाण्याची पाळी लावली आहे, तरी काही झाडे सुकतात आणि काहींच्या बुडाशी चिखल असतो. (सातारा)

पाळी माणसांची लावली आहे, झाडांची नाही. घोटाळा तिथे आहे. फाटकाजवळची झाडे येणारा प्रत्येक जण शिंपतो आणि टोकाची कोरडी राहतात. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. पत्र्याच्या तुकड्यावर रंगवून काठीला लावा, बुंध्याला खिळा ठोकू नका. अवजारांच्या खोलीच्या दारावर फळा ठेवा आणि त्यावर लिहा: क्रमांक १ ते १०, बुधवार आणि शनिवार, अमुक जोडी. एकेकट्यापेक्षा जोडी बरी, कारण एक जण गावाला गेला तरी दुसरा असतो. पाणी दिले की खडूने तारीख. तारीख नसेल तर पाणी दिलेले नाही असे धरायचे, आणि तारीख असेल तर कितीही ऊन असो, पुन्हा घालायचे नाही.

शंका आली तर खुरप्याने वीतभर खोलवरची माती काढून मूठ वळा. लाडू झाला तर पाणी नको. सुकलेले दिसणारे झाड कधी कधी जास्त पाण्याने मुळे कुजल्यामुळेच मान टाकते, आणि त्याला आणखी पाणी घातले की संपते.

मे महिन्याचा विचार वेगळा करा. सगळ्यात जास्त पाणी लागते तेव्हाच शाळांना सुट्टी असते आणि निम्मे लोक गावी जातात. १५ एप्रिल ते १० जून एवढ्या आठ आठवड्यांसाठी ओळखीच्या माळ्याला पैसे देऊन नेमावे आणि त्याची वर्गणी जानेवारीतच गोळा करावी.

नळाचा भरवसा नसेल तर मटके वापरा. ८ ते १० लिटरचे, न रंगवलेले, भाजलेले मडके, झाडापासून दीड फुटावर, तोंड तेवढे वर ठेवून पुरायचे आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडावर करवंटी किंवा मातीचे झाकण. एका कलमाला समोरासमोर दोन. तीन-चार दिवसांनी भरावे लागतात. जड पाण्याच्या क्षारांनी दोन-तीन हंगामांत त्यांची छिद्रे बुजतात, मग बदलावे. ठिबक असेल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर दोन तास चालवले की १६ लिटर होतात. दरवर्षी आळे आणि ड्रिपर फांद्यांच्या घेराबरोबर बाहेर सरकवा. पाणी पिणारी बारीक मुळे त्या घेराखाली असतात, बुंध्यापाशी नाही.

लिंबाच्या बुंध्यातून डिंक येतो आणि साल सुटते. झाडे ५ वर्षांची आहेत. (कोल्हापूर)

हा डिंक्या. फायटोप्थोरा नावाची बुरशी ओल्या मातीतून बुंध्यावर चढते, आणि जखम असेल तर आणखी सहज. सामूहिक बागेत ती जखम बहुतेक वेळा गवत कापण्याच्या यंत्राने होते. फिरणारी नायलॉनची दोरी बुंध्याला नुसती चाटून गेली तरी साल निघते, आणि साल सगळीकडून निघाली तर झाड वाचत नाही. बुंध्याभोवती मीटरभर घेरात यंत्र जाऊच द्यायचे नाही. तिथले गवत हाताने, खुरप्याने काढायचे.

सुटलेली साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा, खरवड गोळा करून जाळा आणि बोर्डो मलम लावा. प्रमाण: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये आणि चुना अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळा, प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवा. धातूचे भांडे नको. चुना गाळून घ्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. चकचकीत विळ्याचे पाते मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे. आणखी थोडे चुन्याचे पाणी घाला. हे मलम त्याच दिवशी वापरायचे. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत ब्रशने लावा, एकदा मेअखेर आणि एकदा पावसाळा संपल्यावर. हातमोजे घाला आणि ते वाळेपर्यंत मुलांना झाडांपासून दूर ठेवा.

यापुढे लिंबाला दुहेरी आळे करा. बुंध्याभोवती फूटभर मातीचा उंचवटा, त्याबाहेर पाण्याचे आळे, म्हणजे पाणी बुंध्याला लागत नाही. आच्छादनही बुंध्यापासून वीतभर दूर ठेवा.

जाता जाता एक. कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा वाटावी असे काळे-पांढरे ठिपके दिसले तर त्या एका फुलपाखराच्या अळ्या आहेत, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. लहान झाडाची पालवी चार दिवसांत संपवतात. फवारणीची गरज नाही, मुलांना वेचायला लावा.

पेरूत अळ्या निघतात. लहान मुले येतात म्हणून विषारी औषध मारायचे नाही. (अहिल्यानगर)

निर्णय योग्य आहे, आणि या किडीवर फवारणी तशीही फारशी चालत नाही. फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी आत वाढते, फळ गळते आणि अळी जमिनीत शिरून कोष करते. साखळी तीन ठिकाणी तोडता येते.

पहिले, गळलेले फळ रोज उचला. कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका, तिथे माशी सुखाने वाढते. दोन फूट खोल पुरा किंवा झाकणाच्या बादलीत पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. दुसरे, मिथाइल युजेनॉल या गंधाचे सापळे, जसा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा. एकराला ४ पुरतात, २० गुंठ्यांना २. चार-पाच फूट उंचीवर, सावलीच्या फांदीला. गंध दीड-दोन महिन्यांनी बदला. यात फक्त नर सापडतात, म्हणून सापळ्यावर विसंबून पहिले काम सोडू नका. तिसरे, फळे लिंबापेक्षा थोडी मोठी झाली की कागदी पिशव्या बांधा. ४० पेरूंची एक फांदी एका शनिवारी दोघांना बांधता येते.

याहून मोठा उपाय बहार बदलण्याचा. फेब्रुवारी-एप्रिलच्या फुलांची फळे पावसाळ्यात येतात, तीच सगळ्यात किडकी आणि पाणचट. ती फुले चिमटून टाका. जून-जुलैच्या फुलांची, म्हणजे मृग बहाराची फळे थंडीत तयार होतात, गोड असतात आणि माशीही कमी असते. पेरूला फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून मेमध्ये फांद्यांचे शेंडे वीतभर छाटले की जूनमध्ये भरपूर फूट मिळते.

पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी अर्क पुरतो: ५०० ग्रॅम निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, २० ग्रॅम साबणचुरा मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा.

सीताफळाला फुले खूप, फळे चार. एकुलत्या आवळ्याला तर काहीच नाही. (सोलापूर)

आवळ्याचे उत्तर सोपे आहे. त्याला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. तुमचा एनए-७ वाण असेल तर शेजारी कृष्णा किंवा कांचन वाणाचे झाड लावा.

सीताफळाचे फूल आधी मादी म्हणून तयार होते आणि नंतर नर म्हणून, त्यामुळे एकाच फुलात परागीकरण क्वचित जमते. ते काम बारीक भुंगे करतात. शिवाय एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत स्त्रीकेसर लगेच सुकतात, म्हणून पावसाआधीची फुले बहुतेक गळणारच. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. जून-जुलैच्या फुलांवर हाताने काम करा. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान पूर्ण उघडलेली फुले हलवून त्यांचे पिवळसर पराग कोरड्या डबीत घ्या. अर्धवट उघडलेल्या, आत ओलसर चमक असलेल्या फुलांत मऊ ब्रशने ते सगळ्या बाजूंनी लावा. एकाच बाजूला लागले तर फळ वाकडे भरते. झाडाखाली पालापाचोळा ठेवा, भुंगे त्यात टिकतात.

गावच्या देवळामागे कोकमाची १२ झाडे बियांपासून वाढवली. ८ वर्षांची झाली, निम्म्यांना फळ नाही. (सिंधुदुर्ग)

ती नर झाडे आहेत. बियांच्या कोकमात साधारण निम्मी नर निघतात. सगळी काढू नका, परागासाठी एक-दोन हवीतच. बाकीच्या जागी मादी झाडाच्या काडीची, कोवळ्या खुंटावर बांधलेली (मृदकाष्ठ) कलमे लावा. दापोलीचा कोकण अमृता हा वाण चांगला आहे. पहिल्या उन्हाळ्यात कोकमाला सावली लागते, झावळ्यांचा आडोसा करा.

फळ तयार होण्याआधीच लोक तोडून नेतात. पाटी लावली, उपयोग नाही. (ठाणे)

‘फळे तोडू नयेत’ या पाटीने भांडणे होतात, फळे वाचत नाहीत. फळ कधी तयार होते हे बहुतेकांना माहीतच नसते, म्हणून प्रत्येक झाडापाशी त्याची खूण लिहा. चिकू: नखाने हलके खरवडल्यावर खाली हिरवे दिसले तर कच्चा, पिवळसर दिसले आणि चीक आला नाही तर तयार. सीताफळ: डोळे मोठे होऊन त्यांच्यामधल्या रेघा पांढुरक्या-पिवळसर दिसल्या की तयार, त्याआधी तोडलेले काळे पडते, पिकत नाही. आंबा: देठाजवळचे खांदे वर आलेले, आणि पाण्यात टाकल्यावर बुडतो तो तयार. पपई: सालीवर पिवळी रेघ दिसली की. जांभूळ झाडावरच पूर्ण काळे व्हावे लागते, तोडून पिकत नाही.

आणि तोडणीचा दिवस ठरवून तो सगळ्यांना कळवा. उदाहरणार्थ रविवारी सकाळी, झेला (फळे तोडायची जाळीची काठी) घेऊन, सगळ्यांसमोर. आंबा देठासकट काढा आणि चीक सालीवर ओघळू नये म्हणून देठ खाली करून ठेवा. पाणी घालणाऱ्यांना पहिला वाटा, मग बाकीच्या घरांना, आणि शेंड्याची फळे पाखरांना. हे नियम पहिले फळ धरण्याआधी लिहून काढा, नंतर नाही. आंब्याचा मोहोर पहिली तीन वर्षे खुडायचा असतो हेही त्यातच लिहा, नाहीतर कोणीतरी ‘आपला पहिला आंबा’ म्हणून ठेवते आणि कलम खुंटते.

आवारातला आंबा ३० फुटांवर गेला आहे. फळे गाड्यांवर पडतात, काढता येत नाहीत. निम्म्यावर कापावा का? (मुंबई उपनगर)

एका झटक्यात नको. निम्म्यावर कापलेला आंबा पाणफुटीचा (नुसत्या सरळ, पालेदार फुटव्यांचा) झाडू होतो, दोन-तीन वर्षे फळ देत नाही आणि अचानक उन्हात आलेली साल भाजून तडकते.

आधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. विजेच्या तारा जवळ असतील तर वीज कंपनीला कळवल्याशिवाय कोणीही चढायचे नाही.

छाटणी तीन वर्षांत विभागा. दरवर्षी मधोमध सरळ वर गेलेल्या एक-दोन फांद्या काढा, म्हणजे ऊन आत येते आणि खालच्या फांद्या फुटतात. वेळ फळे उतरल्याबरोबर, जुलैच्या मध्यापर्यंत. आंब्याचा मोहोर पक्व झालेल्या काडीवर येतो, म्हणून सप्टेंबरमध्ये छाटले तर पुढचा हंगाम गेला. जाड फांदी तीन कापांत उतरवा: बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या दोन-तीन बोटे बाहेर वरून दुसरा, आणि राहिलेली खुंटी बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता तिसरा. खालचा काप न घेता वरून करवत चालवली तर फांदी स्वतःच्या वजनाने बुंध्याची साल सोलत खाली येते. प्रत्येक कापावर बोर्डो मलम आणि उघड्या पडलेल्या फांद्यांवर चुन्याचा हात द्या.

फांद्या कापताना भोके आणि लाकडाचा भुसा दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड आहे. बुंध्यावरच्या भोकात तार घालून अळी ओढून काढा, पेट्रोलचा बोळा आत सरकवून चिखलाने लिंपा. किडलेल्या फांद्या आवारात साठवू नका, त्याच आठवड्यात जाळा. निरोगी फांद्यांचे बारीक तुकडे करून आळ्यात आच्छादनाला वापरता येतील.